मँडरिनची वही मराठीत लिहायला घेतली तेव्हा

शेवंती (धागाकर्ती)

साडेतीन वर्षं मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा, शिकते आहे. पहिलं दीड वर्ष पुण्यात संध्याकाळच्या वर्गात, मग नोकरीमुळे दोन वर्षं सूचौला. शांघायच्या शेजारचं हे कालव्यांचं शहर. परीक्षेच्या हिशेबात जुन्या एचएसकेची (चिनी भाषेची परीक्षा) तिसरी पातळी, म्हणजे ६०० शब्द. फार मोठी मजल नाही. तरी धागा काढते आहे, कारण एक गोष्ट मला उशिरा उमगली आणि इथे नव्याने शिकणाऱ्यांना ती आधी कळावी असं मनापासून वाटतं.

पहिलं वर्षभर माझी वही इंग्रजीत होती. मँडरिनचे उच्चार रोमन लिपीत लिहायची पिनयिन नावाची पद्धत आहे, चीनने ती १९५८ साली स्वीकारली. पद्धत उत्तम आहे, पण ती अक्षरं दिसली की माझं डोकं इंग्रजी वाचायला लागायचं. 'बी' दिसला की मी 'ब' म्हणायचे. बाई रोज थांबवायच्या. मँडरिनमध्ये 'ब' नाहीच! पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, आणि पी म्हणजे फ (फणसातला, दोन्ही ओठ मिटून). डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. बीजिंग असं आपण छापतो ते खरं तर 'पेय्-चिंग'च्या जवळ जाणारं आहे. प-फ, त-थ, क-ख हे आपण पहिलीत पाटीवर गिरवलेलं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका इंग्लिश मुलीला हा फरक कानाने पकडायला महिने लागले. मला तो सहाव्या वर्षापासून येत होता आणि मी तो इंग्रजीच्या नादाने विसरून बसले होते.

एका रविवारी मी ती वही बाजूला ठेवली आणि नवी वही देवनागरीत सुरू केली. त्या दिवशी 'च'चा शोध लागला. आपल्याकडे च दोन: चिमणीतला आणि चाकातला. लिहिताना एकच, म्हणताना वेगळे, आणि कुणी मराठी माणूस त्यात चुकत नाही. पिनयिनमधला जे म्हणजे चिमणीतला च. झेड म्हणजे चाकातला च. झेड-एच म्हणजे जीभ 'ट'च्या जागी वळवून म्हटलेला तिसरा च, तेवढा नव्याने शिकायचा. तसंच एक्स म्हणजे शेंडीफोड्या श, आणि एस-एच म्हणजे पोटफोड्या ष. शाळेत ज्याचा उच्चार कधी वेगळा केला नाही तो ष मी सूचौला जाऊन शिकले.

उच्चारांनंतर नाती. इंग्रजी वहीत 'अंकल'पुढे पाच चिनी शब्द होते आणि ते पाठ होत नव्हते. मराठी वहीत ते आपोआप बसले. आईची बहीण यी, म्हणजे मावशी. वडिलांची बहीण कू-कू, आत्या. आईचा भाऊ च्यौ-च्यौ, मामा. काकांचे मात्र दोन: वडिलांचा थोरला भाऊ पो-पो, धाकटा शू-शू. मोठी बहीण च्ये-च्ये, धाकटी मेय्-मेय्. नुसती 'बहीण' म्हणायची सोय जवळजवळ नाही. आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना, शेजारच्या काकूंना 'आ-यी' म्हणतात. त्यातला यी तोच, मावशीचा. आपण भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो, तसंच, अगदी तसंच.

आमच्या शेजारी एक आ-यी होत्या, उत्तरेकडच्या शानतुंग प्रांतातल्या, नातवाला सांभाळायला मुलाकडे आलेल्या. जिन्यात भेटल्या की त्या "छ्र ल मा?" विचारायच्या. जेवलीस का? पहिल्यांदा मी खरंच काय जेवले ते सांगू लागले. मग लक्षात आलं, आपली आजी दारात आलेल्याला "चहा झाला का?" म्हणते ना, तेच हे. जेवायला बसलं की "मान मान छ्र", शब्दशः हळूहळू खा. पंगतीत "सावकाश होऊ द्या" म्हणतात त्याला मी आजवर दुसऱ्या कुठल्या भाषेत जोड पाहिली नव्हती.

एका संध्याकाळी त्या मला बागेत घेऊन गेल्या. तिथे एक आजोबा हातभर दांड्याला स्पंजाचं टोक लावलेला ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. आ-यींनी त्यांना सांगितलं की हिला घरी शेवंती म्हणतात. (आजीने ठेवलेलं नाव, इथेही तेच वापरते.) त्यांनी 'चू' काढलं, शेवंतीचं चिन्ह. आधी वर गवताची खूण. मग एक वळसा, काहीतरी कवेत घ्यावं तसा. आणि त्या वळशाच्या आत तांदळाचं चिन्ह. अकरा रेघा. जुलैचा उकाडा होता, शेवटची रेघ होईतो वरचं गवत वाळून गेलं होतं. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि मी चुकीच्या रेघेपासून सुरुवात केल्यावर माझं मनगट धरून थांबवलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी, उभी नंतर. तोपर्यंत मी चिन्हं चित्रासारखी बघून पाठ करत होते. त्या दिवसापासून हाताने लिहून करते.

तुम्ही कुणी शिकताय का? कशी शिकताय ते लिहा.

---

मु_पो_इचलकरंजी

ताई, दोनदा वाचलं. माझा मागाचा धंदा. चीनमधून रॅपियर माग आणि सुटे भाग येतात, क्वांगचौच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला चार वेळा जाऊन आलोय. वर्ग वगैरे लावला नाही, मोबाइलवर ऐकून आणि लोकांत बसून शिकलो.

माझा एक अनुभव सांगतो. 'माय' म्हणजे विकत घेणं आणि 'माय' म्हणजेच विकणं. सूर तेवढा वेगळा. तिसरा सूर लावला तर घेणं, चौथा लावला तर विकणं. मी दोन वर्षं सगळं एकाच सुरात बोलत होतो, समोरचा माणूस गिऱ्हाईक म्हणून समजून घ्यायचा. एकदा खरंच विकायचं होतं, आमच्याकडचे जुने भाग पडून होते. फोनवर बोललो. बारा दिवसांनी त्यांच्याकडून नव्या भागांचं कोटेशन आलं, तेही व्यवस्थित, फोटोंसकट. बारा दिवस गेले आणि दोष माझ्या सुराचा.

आता चिन्हावरून लक्षात ठेवतो. विकण्याच्या चिन्हात घेण्याचंच चिन्ह आहे, फक्त डोक्यावर अधिकसारखी खूण. घेतलं त्यावर अधिक चढलं की विकलं. व्यापाऱ्याला यापेक्षा सोपं काय पाहिजे.

---

तानपुरा

सुरांबद्दल लिहितो. मी गाणं शिकवतो, आणि माझ्या दोन विद्यार्थिनी मँडरिन शिकतात.

चार सूर आणि एक हलका, बिनवजनाचा. पहिला: वरचा सा धरून ठेवा, जराही हलवू नका. दुसरा: "काय?" असं आश्चर्याने विचारतो तसा खालून वर. तिसरा: मंद्रात उतरायचं. पुस्तकात तो खाली जाऊन परत वर येतो असं चित्र असतं, पण बोलण्यात शब्द पुढे चालू असला की बहुतेक वेळा तो नुसता खालीच राहतो. चौथा: "नको!" असं तोडून सांगतो तसा वरून खाली. मा पहिल्या सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या देणं.

मराठी माणसाला सूर येत नाहीत हे मी मानत नाही. आपण एकट्या 'हं'वर किती अर्थ काढतो! हं? हं. हंऽऽ. फरक एवढाच की आपला सूर मनातला भाव सांगतो, त्यांचा सूर शब्दाचा अर्थ सांगतो. त्यामुळे आपण प्रश्न विचारताना सवयीने वाक्याचं शेपूट उचलतो आणि शेवटचा शब्दच बदलून बसतो. ती सवय मोडायला वेळ लागतो. मुलींना मी एक करायला सांगतो: वाक्य आधी शब्दांशिवाय, नुसतं गुणगुणून म्हणायचं. मग शब्द घालायचे.

आणि दोन तिसरे सूर शेजारी आले की पहिला बदलून दुसरा होतो. 'नी हाओ' म्हणताना नी वर चढतो तो म्हणून. संस्कृतातल्या संधीचीच जात आहे ही.

---

चिंगीची_आई

सिंगापुरातून. इथे शाळेत मातृभाषेचा विषय सक्तीचा आहे. भारतीय मुलांना तमिळ, नाहीतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतली एक घेता येते. मराठी त्या यादीत नाही. बहुतेक मराठी घरं हिंदी घेतात, आम्ही चिनी घेतलं. घरात वाद झाला, सासूबाईंना वाईट वाटलं. आता चिंगी तिसरीत आहे आणि आजीशी मराठीतच बोलते, म्हणून त्याही निवळल्या.

शेवंती, नात्यांचं वाचून एक आठवलं. वडिलांची आई नाय-नाय आणि आईची आई वाय-फो. त्यातला 'वाय' म्हणजे बाहेर. बाहेरची आजी! चिंगीने वर्गातून येऊन मला विचारलं, "माझी पुण्याची आजी बाहेरची का?" आपल्याकडे दोघीही आजीच, पण 'मुलगी परक्याचं धन' हे आपणही म्हणतच आलो की. त्या एका शब्दावर आम्ही मायलेकी तासभर बोललो.

दुसरं म्हणजे इथे सगळे चिनी मँडरिनच बोलत आले असं समजू नका. सरकारने १९७९ पासून मँडरिन बोला म्हणून मोहीम चालवली. त्याआधी घराघरांत होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज या चिनी बोली होत्या. आमच्या खालच्या फूड सेंटरमधल्या म्हाताऱ्या कॉफीवाल्याशी चिंगी मँडरिनमध्ये बोलते, तो हसून उत्तर देतो, पण शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलताना होक्कियनवर जातो. त्याची नातवंडं ती बोलत नाहीत, असं तो म्हणाला. मराठीबद्दल मला जी धास्ती आहे ती त्याच्या घरात होऊन गेलेली आहे.

---

रात्रपाळी

प्रामाणिक प्रश्न. फोन समोर धरला की भाषांतर होतं. आमच्या प्लांटमध्ये चिनी इंजिनिअर मशीन बसवायला येतात, आम्ही फोनवरच सगळं निभावतो. मग तीन-चार वर्षं घालवून का शिकायचं?

---

शेवंती

@रात्रपाळी, मशीन बसवायला फोन पुरतो, मीही वापरते. एक प्रसंग सांगते.

इंग्रजीतल्या 'वी'ला मराठीत दोन शब्द आहेत. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर, आपण म्हटलं की समोरचा आत. उत्तरेकडच्या मँडरिनमध्ये हेच आहे: वो-मन म्हणजे आम्ही, आणि चान्-मन (चाकातला च) म्हणजे आपण. दक्षिणेत चान्-मन कमी ऐकू येतो, पण आ-यी शानतुंगच्या.

नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या, हाताला पीठ लागलेलं, आणि म्हणाल्या चान्-मन मिळून चाओत्स करू. चाओत्स म्हणजे सारण भरून मुरड घातलेले, उकडीच्या करंजीसारखे. दीड वर्षात माझ्यासाठी तो शब्द पहिल्यांदा आला होता. फोनने त्याचंही 'वी'च केलं असतं. मी कणकेच्या पाऱ्या लाटायला बसले आणि माझ्या मुरडी बघून त्यांनी सुनेला हाक मारली, बघ म्हणून. मुरड मला येतेच, गौरीच्या करंज्या घालत मोठी झाले आहे.

---

सिद्धेश्वर_पेठ

सोलापूरकर असल्यामुळे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. युद्धाच्या धामधुमीत, आघाडीवर जखमींवर उपचार करत कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली, तीही शिकवण्याइतकी. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच गेले, वय ३२.

त्यांचं चिनी नाव ख तीह्वा. कोटणीस या आडनावाच्या आवाजावरून सुरुवात, आणि शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हा ह्वा जोडला होता. कोटणीसांनी क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी लग्न केलं, आणि मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे यिन-तू, भारत. ह्वा म्हणजे चीन. दोन अक्षरांत आईबाप दोघे. चिनी नाव कसं घडतं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला मी हे एवढंच उदाहरण देतो.

आमच्या सोलापुरात त्यांच्या घरी आता स्मारक आहे. गेलात तर पाहून या.

---

दगडफूल

लेख चांगला आहे, पण मला एक काळजी वाटते. सगळीकडे मराठी सापडायला लागली की जे सापडत नाही ते दिसेनासं होतं. मी सहा वर्षं क्वांगतुंग प्रांतात होते.

आपल्याकडे वास्तुशांतीला हमखास काय नेतात? भिंतीवरचं घड्याळ. माझ्या सहकाऱ्याने नवं घर घेतलं तेव्हा मीही छान लाकडी चौकटीचं घड्याळ नेलं. त्याची आई दारात होती. तिने कागद उघडला, क्षणभर थांबली, आत गेली आणि एक युआनचं नाणं आणून माझ्या तळहातावर ठेवलं. हसून, अगदी प्रेमाने. मला काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने समजावलं. 'घड्याळ देणं' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं' यांचा उच्चार एकच आहे, सोंग चोंग. नाणं दिलं की ती भेट राहत नाही, विकत घेतलेली वस्तू होते. त्या बाईंनी माझी चूक मला न दुखावता पुसून टाकली होती.

तसंच तुमची शेवंती. आपल्याकडे तोरणात, हारात, गौरीपुढे. तिकडे पांढरी-पिवळी शेवंती अंत्यविधीला आणि छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यावर वाहतात. कुणाच्या घरी तिचा गुच्छ नेऊ नका. चार आकडाही तसाच, 'स्स'. सूर बदलला की मरण. कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो. उलट आठला मान, कारण 'पा'चा आवाज भरभराटीच्या 'फ़ा'ला जवळचा. बीजिंग ऑलिंपिक ८-८-२००८ ला रात्री ८ वाजता सुरू झालं ते उगाच नव्हे.

मराठीत एवढे समोच्चारी शब्द नाहीत, म्हणून आवाजावरून शुभाशुभ बघायची सवय आपल्याला तितकी नाही. हे मराठी वहीत सापडायचं नाही.

---

शेवंती

@दगडफूल, पटलं, आणि ते नाण्याचं वाचून खूप वेळ तशीच बसले. वहीत मागच्या बाजूने दुसरा भाग सुरू करते आहे, जे आपल्याकडे नाही त्याचा. पहिली नोंद घड्याळाची.

शेवंतीबद्दल मात्र एक भर घालते. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला छोंगयांगचा सण असतो, थोरामोठ्यांचा. तेव्हा शेवंती बघायला जातात, तिची दारू पितात. वाळलेल्या शेवंतीचा चहा तर रोजचा. बागेतल्या आजोबांनी ते अक्षर हसतमुखाने काढलं होतं. म्हणजे फूल एकच, कुठे आणि कुणाला यावर सगळं अवलंबून.

---

शब्दवेडा

'मँडरिन' शब्दाचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आपला 'मंत्री' मलायात गेला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला आणि चिनी अधिकाऱ्यांना मँडरिन म्हणू लागले. मग त्या अधिकाऱ्यांची भाषा ती मँडरिन. चिनी लोक स्वतः तिला फू-थोंग-ह्वा म्हणतात, सर्वांची बोली. तैवानात कुओ-यू, सिंगापुरात ह्वा-यू.

उलट दिशेने 'छा'चा आपला चहा झाला. बौद्ध ग्रंथांबरोबर तर शब्दांचे तांडेच्या तांडे गेले. ध्यानाचं छान झालं (जपानात झेन). क्षणाचं छा-ना झालं, आणि ते आजच्या कथा-कवितांतही वापरतात. मोगऱ्याला ते मो-ली म्हणतात, ती आपली मल्लिका. सातव्या शतकात चिनी भिक्षू युआन श्वांग (ह्युएन त्संग) इकडे आला आणि पुलकेशीच्या राज्याचं नाव त्याने मो-हो-ला-छा असं लिहून घेतलं. महाराष्ट्र! इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतात, असं त्याने लिहून ठेवलंय.

पुण्याचंही एक नातं आहे. पु. वि. बापटांनी जपानी विद्वान हिराकावांबरोबर एका पाली विनय-टीकेच्या (विनय म्हणजे बौद्ध भिक्षूंचे नियम) चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद केला, भांडारकर संस्थेने तो १९७० साली छापला. आणि १९५४ मध्ये नेहरू आणि माओ बोलले तेव्हा दुभाषी होते आपले वसंत परांजपे.

---

बांबूवन

तैवानात शिनचूला पीएचडी करतो. इथे जुनी, पारंपरिक चिन्हं. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली. 'प्रेम' या चिन्हाच्या मधोमध जुन्या रूपात हृदयाचं चिन्ह आहे, सोप्यात ते गेलं. "हृदयाशिवाय प्रेम" म्हणून इथले लोक हळहळतात. मला दोन्ही लिहिता येतात म्हणून सांगतो: सोप्या रूपात खाली मित्राचं चिन्ह उरतं, आणि ते रूप कुणी नव्याने रचलेलं नाही, जुन्या जलद लिखाणातून घेतलेलं आहे. म्हणून त्यावरून भांडायला मन होत नाही.

एक भर: चिन्हांमध्ये चित्र शोधण्याचा नाद सुरुवातीला गोड असतो. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, वगैरे. पण बहुसंख्य चिन्हांत एक भाग अर्थाचा आणि दुसरा आवाजाचा असतो. 'मा', आई: डावीकडे बाई, उजवीकडे घोडा. घोडा का? त्याचा उच्चार मा म्हणून. एवढंच. हे कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

---

सोनटक्का

वय ५८, शाळेतून निवृत्त, नात शांघायला जन्मली आहे. आता सुरुवात करू का? आणि कशापासून?

---

शेवंती

काकू, करा. पहिला महिना फक्त कान आणि तोंड, चिन्हं नकोत. तानपुरा यांनी सांगितलंय तसं गुणगुणून. देवनागरीत लिहा आणि प्रत्येक अक्षरावर सुराचा आकडा घाला, १ ते ४. आकडा न घालता एकही शब्द वहीत उतरवू नका, मी ते केलं आणि नंतर दोनशे शब्द पुन्हा ऐकून दुरुस्त करावे लागले. दुसऱ्या महिन्यात चिन्हं, रोज तीनच, चौकटीच्या वहीत, रेघांच्या क्रमाने.

नात मुलाची असेल तर ती तुम्हाला नाय-नाय म्हणेल. मुलीची असेल तर वाय-फो.

---

सोनटक्का

मुलीची आहे. पण मी तिला आजीच म्हणायला शिकवलंय. चौकटीची वही उद्या आणते.